पाच पायली वाल

५ एप्रिल १९२४, शनिवार. गुढीपाडवा.

आजपासून रोजनिशी. शेडमधल्या जुन्या हजेरीबुकाची मागची पानं कोरी होती, ती कामी आली.

नव्या वर्षाचे संकल्प: रोज पहाटे साडेचारला उठणे. कुणावर न रागावणे. घरात टाइमाची शिस्त आणणे. लोणावळ्याच्या इंजिनशेडमध्ये एकशे चाळीस माणसांची हजेरी मी नऊ वर्षं ठेवतो आहे. पोरगी लीला सासरी गेल्यापासून घरात माणसं दोन. त्यातला एक मीच. म्हणजे शिस्त लावायची ती फक्त एका माणसाला.

(आज सव्वासहाला उठलो. सणाची सूट.)

सुरुवात लगेच केली. जेवण बाराला हवं. पान वाढलं एक वाजून दहा मिनिटांनी. शेडमधल्यासारखेच रकाने पाडले आहेत:

जेवण: १ तास १० मिनिटं लेट. कारण: वाल सोलत होते. शेरा: कारण नामंजूर.

कुटुंबाला वाचून दाखवलं. समजावूनही सांगितलं, की सोलण्याला काम म्हणत नाहीत. माणूस बसलेला असतो, नुसती बोटं हलतात. इंजिनात कोळसा मारणं, याला काम म्हणतात. तिच्या हातातली पळी तिथल्या तिथे थांबली. पटलं असावं.

संध्याकाळी मात्र भलताच विषय काढला. जत्रा झाली की महिनाभर इंदुरीला माहेरी जाऊ का? आईला डोळ्यांनी आता माणूस ओळखू येत नाही, आणि तीन वर्षांत आपलं जाणं झालेलं नाही. मी म्हणालो, महिनाभर! मग इथलं सगळं कोण करणार? तर म्हणते, "हितं काम तर काईच न्हाई म्हनला न्हवं दुपारी?"

दुपारचा विषय वेगळा होता. बायकांना दोन विषय एकत्र करायची सवय असते.

६ एप्रिल, रविवार.

भैरोबाच्या देवळात जत्रेची मीटिंग. यंदा जत्रा १९ तारखेला, चैत्री पुनवेला. आमच्या वलवणच्या भैरोबाला नैवेद्याला मोडाच्या वालाचं कालवण लागतं, आणि वाल सोललेलेच लागतात. सालीसकट चालत नाहीत. जेवायला दोनशे पान, म्हणून पाच पायली वाल. दरवर्षी आदल्या दिवशी चाळीस बायका देवळाच्या ओट्यावर बसतात आणि सबंध दुपार गाणी म्हणत सोलतात.

मी उभा राहिलो. म्हणालो, चाळीस माणसं आणि एक सबंध दुपार, ही वेळेची नासाडी आहे. सिस्टिम लावली तर सहा माणसं हेच दोन तासांत उरकतील. मात्र पुरुष हवेत.

हशा झाला. नवा विचार मांडला की पहिलं स्टेशन हशाचंच लागतं.

खांबाला टेकून झुंबरबाई बसली होती. आमची शेजारीण. वय सत्तर, दात चार, पण चारांनाही धार. म्हणाली, "कर की मग, रखमाजी. आमी बसतो टाळ्या वाजवीत. तुज्या एका दान्याला बी बाईमानसानं हात लावायचा न्हाई. ठरलं?"

मी म्हणालो, ठरलं. कोंडाजी आबा पंचांमधले थोरले. ते म्हणाले, "बाबा, देवाचं काम हाय. इंजनाचं न्हवं." मी म्हणालो, आबा, इंजिनाचं जास्त अवघड असतं.

घरी येईपर्यंत बातमी कुटुंबाला पोचलेली. म्हणाली, "न्हाई जमलं तर मी जानार इंदुरीला. महिनाभर." मी म्हणालो, कबूल. आणि जमलं तर? ती जरा हसली. म्हणाली, "जमलं तर तुमीच सांगा मला, माज्यावाचून हितं काय अडतंय त्ये."

म्हणजे निकाल माझ्या तोंडून लागायचा! इतकी सोपी पैज आयुष्यात लावलेली नाही.

७ एप्रिल, सोमवार.

गणित मांडलं. एका वालाला तीन सेकंद. पायलीत दाणे किती, ते मोजायला बसलो. चारशे दहापर्यंत गेलो आणि घाटातून मालगाडीची शिटी झाली, आकडा विसरलो. अंदाजे धरले. उत्तर समाधानकारक आलं.

मग ट्रायल म्हणून एक वाल सोलायला घेतला. साल सुटेना. नखाने, चाकूने, शेवटी अडकित्त्याने. अडकित्त्याने दोन तुकडे झाले, साल दोन्ही तुकड्यांवर जिथल्या तिथे.

कुटुंब चुलीकडे तोंड करून म्हणाली, "भिजवत्यात आदी." ही माहिती पहिल्या दिवशीच मिळायला हवी होती. किती वेळ भिजवतात, म्हणून विचारलं. म्हणाली, "बाईमानसानं हात लावायचा न्हाई ठरलंय. तोंड तरी कशाला लावू?"

असहकार. हरकत नाही.

९ एप्रिल, बुधवार.

माणसं जमवली. नथू फायरमन, म्हणजे घाट चढताना गाडीला मागून रेटा देणाऱ्या इंजिनावरचा. छाती बघण्यासारखी. गेणू क्लीनर आणि आणखी चौघे क्लीनर. सगळे धट्टेकट्टे. देवाचं काम म्हटल्यावर लगेच तयार झाले. मात्र नथूने तीनदा विचारलं, "भाऊ, पैली पंगत आमचीच ना? नक्की?" मी शब्द दिला. पहिल्या पंगतीला कालवणात तरी वर असते, असं त्याचं म्हणणं.

(साडेचारला उठायचं राहिलं. सहा वाजून पाच.)

१० एप्रिल, गुरुवार. दुपारी २ वाजता.

शेडमध्ये ट्रायल. रात्री बादलीभर वाल भिजत टाकले होते. मधल्या सुट्टीत सहाही जणांना बादलीभोवती बसवलं. घड्याळ हातात धरून मी उभा.

नथूने पहिला दाणा दाबला. दाणा सालीतून सुटला तो थेट गेणूच्या डोळ्यात. गेणूने दाबला तो छपराला लागला. दहा मिनिटांत शेडमध्ये वाल उडताहेत आणि माणसं डोळे झाकून काम करताहेत. दाबणाऱ्या हातात फायरमनची ताकद नको, हे लक्षात आलं. पण बाकीची माणसं कुठून आणायची?

दुसरा मुद्दा. यांचे हात कोळशाचे. सोललेले वाल काळे झाले. धुतल्यावर करडे.

४ वाजता.

फोरमनसाहेब मध्येच आले. सहा माणसं बादलीभोवती बसलेली पाहून बराच वेळ बोलले. अर्धं इंग्रजी मला कळलं. उरलेलं अर्धं बहुधा कौतुकाचं असावं. कळलेल्या अर्ध्यात मात्र माझी सालटी काढलेली होती. त्यांच्या मडमेच्या स्वयंपाकघरात एक जागा रिकामी आहे, असंही म्हणाले. नथू हसला. त्याच्या नावापुढे खूण केली आहे.

एका तासात निघाले ते दोन वाट्या. नवीन कामाला सुरुवातीला वेग नसतोच.

११ एप्रिल, शुक्रवार.

बोटांची टोकं पांढरी पडली आहेत, कातडीचे पापुद्रे निघताहेत. मी तर फक्त नमुन्यादाखल सोलून दाखवले होते. हजेरी लिहिताना टाक धरवत नाही. कुटुंबाने खोबरेल तेलाची वाटी जवळ सरकवली. मी घेतली नाही. ती माजघरात गेल्यावर घेतली.

तिची बोटं पाहिली. तिला काही झालेलं नाही. सवय, दुसरं काय.

१३ एप्रिल, रविवार. सकाळी १० वाजता.

सुचलं!

बाजारात बजरंगशेटची भाताची नवी गिरणी सुरू झाली आहे, तेलाच्या इंजिनावर चालणारी. तिथे उभा होतो. वरून भात टाकतात, खालून एका बाजूला तांदूळ आणि एका बाजूला तूस. दिवसभर बायका उखळात कांडतात तेवढं अर्ध्या तासात. आता भात म्हणजे काय? साल असलेला दाणा. वाल म्हणजे काय? साल असलेला दाणा. एका दाण्याची साल काढणारं यंत्र दुसऱ्या दाण्याची काढणार नाही, असं कुठे लिहिलेलं आहे?

साऱ्या मावळात भात पिकतो, आणि एवढी गोष्ट आजवर कुणाला सुचू नये!

संध्याकाळी.

बजरंगशेटशी बोललो. तो का कू करत होता. कोरडे वाल घालून पाहिले, तर दोन फाका होऊन डाळ निघाली. शेट म्हणाला, "बघा, डाळ हुती. तुमाला मोडाचे अख्खे पायजेत. न्हाई जमायचं, मास्तर." मी म्हणालो, कोरडा दाणा कडक म्हणून फुटला. भिजलेला मऊ असतो, तो फुटणार कसा? शेवटी देवाचं काम म्हणून त्याने शुक्रवारी संध्याकाळचा पहिला नंबर दिला. जत्रेचं भातही त्याच संध्याकाळी गिरणीवर यायचं आहे, ते आमच्यानंतर.

ओल्या वालाची ट्रायल घ्यावी का, असं शेट विचारत होता. गरज नाही. तत्त्व पक्कं आहे. शिवाय ट्रायल घेतली की बातमी फुटते. ही युक्ती शुक्रवारपर्यंत गुप्त.

१४ एप्रिल, सोमवार.

सरपणात सापाची कात सापडली, अखंड, हातभर. शुभ शकुन. बघा, एवढंसं जनावर, हात नाही, पाय नाही, पण सगळी साल एका दमात काढून टाकतं! याला म्हणतात सिस्टिम. कुटुंबाला दाखवायला आणली. तिने मला कातीसकट बाहेर काढलं.

१५ एप्रिल, मंगळवार.

दारावरच्या पाटीचा रंग पुन्हा निघाला. मागच्या पावसाळ्यापासून तिसऱ्यांदा. "रखमाजी, टाइमकीपर" ही अक्षरं पोपडे होऊन गळाली आणि खालून मूळ फळीवरची अक्षरं वर आली: "काच. जपून." फळी मालधक्क्यावरच्या एका खोक्याची आहे. झुंबरबाई अंगणातून ते निरखून पाहत होती. तिला वाचता येत नाही, पण कुणाकडून तरी अर्थ विचारून घेतला आणि दिवसभर येता-जाता मला "जपून रं बाबा" म्हणते आहे.

रंगाचे दोन हात दिले. फरक पडतो तो हातांचा.

१६ एप्रिल, बुधवार.

पाचही पायली भिजत टाकल्या. उद्या उपसून बांधणे, परवा संध्याकाळपर्यंत मोड. पाच गोणपाटं आणली, खडूने नंबर घातले, वॅगनींना घालतात तसे. कुठल्या नंबरात काय, कधी भरलं, कधी सुटणार, सगळं पाटीवर लिहून ठेवलं.

झुंबरबाई कुंपणावरून म्हणाली, "गोनपाटात नको बांदू, रखमाजी. उबून वास मारंल. जुनं लुगडं घे, आन् सावलीत ठेव." हात लावायचा नाही असं ठरल्यावर सल्ला चालतो का, हा प्रश्न मी विचारला. ती म्हणाली, "मग मर."

कुटुंबाने पेटी उन्हात टाकली आहे. आईसाठी एक गोधडी बांधून ठेवली आहे. उन्हाळ्यात कपड्यांना ऊन दाखवावंच लागतं.

१७ एप्रिल, गुरुवार.

मोड यायला ऊब लागते, हे सर्वांना माहीत आहे. पण शेडमध्ये उभ्या इंजिनाच्या बॉयलरशेजारी जितकी ऊब असते तितकी वलवणमधल्या कुठल्या चुलीपाशी आहे? पाचही गोण्या तिथे नेऊन ठेवल्या. फोरमनसाहेब पुण्याला गेले आहेत. दैव साथ देत आहे.

परत येताना पाहिलं, झुंबरबाईच्या पडवीत चार मोठी घमेली, ओल्या लुगड्याने झाकलेली. तिच्याकडे पाहुणे येणार दिसतात.

१८ एप्रिल, शुक्रवार. सकाळी.

मोड आले! बोटभर. लुगड्यात बांधणाऱ्यांना इतके मोड येत असतील असं वाटत नाही. थोडा वास आहे. नथूने नाक धरलं. मी त्याला समजावलं, की हा जोमाचा वास आहे.

दुपारी ३ वाजता.

गोण्या बैलगाडीत भरून गिरणीकडे. देवळावरून जाताना ओट्यावर गाणी चालू होती. चाळीस बायका बसलेल्या. काम नसलं तरी जमायची सवय सुटत नाही. आम्हाला पाहून गाणं थांबलं, कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. कुटुंबही हसताना दिसली. मी मान वळवली नाही. नथू मात्र वळून वळून पाहत होता. म्हणाला, "भाऊ, त्यांच्या म्होरं टोपल्या कसल्या?" मी म्हणालो, आपण आपलं काम पाहावं.

संध्याकाळी ७ वाजता.

झालं ते क्रमाने लिहितो.

५:१० ला गिरणी सुरू. ५:१२ ला पहिली गोणी वर ओतली. ५:१३ ला गिरणीचा आवाज बदलला. ५:१४ ला खालच्या तोंडातून वाल येण्याऐवजी हिरवट लगदा येऊ लागला. गेणू म्हणाला, "भाऊ, पिठलं!" मी म्हणालो, सुरुवातीला असंच होतं, दुसरी ओता. ही सूचना द्यायला नको होती. दुसऱ्या गोणीबरोबर पट्टा निसटला. इंजिनाने धूर सोडला आणि आत साठलेला सगळा लगदा एकदम वरच्या तोंडातून बाहेर आला. मी वाकून आत पाहत होतो.

बजरंगशेट जे बोलला त्यात माझ्या घराण्यातले सगळे येऊन गेले. गिरणी उघडून धुवायला दोन दिवस लागतील, असं त्याचं मत. आणि बाहेर जत्रेचं भात घेऊन कोंडाजी आबांची गाडी नुकतीच येऊन उभी राहिली होती.

आबांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. लगदा वाळत चालला होता, बोललो की गालावरून पापुद्रे पडत होते. म्हणाले, "रखमाजी, सोलायची हौस हाय न्हवं तुला? ह्ये भात सोलायचं तूच. उखळात. पाटं तुजी सा मानसं घिऊन देवळात ये."

उरलेल्या तीन गोण्या आम्ही उघडून पाहिल्या. वासामुळे बैल मागे सरकले.

देवळात गेलो तेव्हा कबूल करायची मनाची तयारी झाली होती. यंदा नैवेद्याला वाल नाहीत, चूक माझी नसली तरी जबाबदारी माझी. ओट्यावर चढलो. तिथे पाच मोठ्या टोपल्या, वर ओलं कापड. झुंबरबाईने एकीचं कापड उचललं. सोललेले वाल, पांढरे, इवलासा मोड, अख्खे. पाच पायलीचे.

म्हणाली, "तुज्या एका दान्याला हात लावला असंल तर सांग."

नाही लावला. ते प्रामाणिकपणे लिहितो. परवापासून तिच्या पडवीत भिजत होते ते यांचे स्वतःचे होते.

कुटुंब टोपलीमागे बसलेली होती. मला पाहून तिने पदर तोंडाला लावला. सुरुवातीला वाटलं, रडते आहे.

१९ एप्रिल, शनिवार. जत्रा.

पहाटे साडेचारला उठलो. संकल्प पाळला गेला. (आबांनी माणूस पाठवला होता.)

सहा जणांनी आणि मी भात कांडलं. सूर्य उगवेपर्यंत माझ्या दोन्ही तळहातांवर फोड, आठपर्यंत फोड फुटले, नऊला सालटं लोंबू लागली. शेजारी दोन बायका तेवढंच भात अर्ध्या वेळात, बोलत बोलत, कांडून गेल्या.

पहिली पंगत आमची नव्हती. शेवटची होती. नथू माझ्याशी बोलत नाही.

कालवण जेवलो. तिथे एक गोष्ट सिद्ध करायची होती: इतक्या घाईने सोललेल्या वालांत कुठेतरी साल राहिलेलीच असणार. तीनदा वाढून घेतलं. एकही सापडली नाही. दोनशे पानांतून मला तीन वाट्या आल्या, एवढ्या पुराव्यावर निष्कर्ष काढता येत नाही.

माझा मूळ मुद्दा कायम आहे. तत्त्व बरोबर होतं, यंत्र चुकीचं. गिरणी बनवणाऱ्या कंपनीला पत्र लिहिणार. तळहात बरे झाल्यावर.

२० एप्रिल, रविवार.

कुटुंब इंदुरीला गेली. गाडीने तळेगाव, तिथून तिच्या भावाची बैलगाडी. स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी सात मिनिटं लेट होती. मला वाटलं होतं त्यापेक्षा लवकर आली.

खिडकीतून सूचना देत होती. गूळ कुठे, मीठ कुठे, मांजराला काय. "लसून सोलून ठिवलाय डब्यात. आट दिस पुरंल." मी म्हणालो, मला येतो लसूण सोलता. ती म्हणाली, "व्हय, ठावं हाय." गाडी सुटल्यावर बराच वेळ हसत होती. तीन वर्षांत तिला इतकं हसताना पाहिलं नव्हतं. गाडीत बसायची मजा वाटत असेल.

२१ एप्रिल, सोमवार.

घर एकदम शांत. आता खरी शिस्त. चुलीपाशी भिंतीवर टाइमटेबल लावलं. जेवण बाराला म्हणजे बाराला.

जेवण: २ वाजता. कारण: लाकडं ओली. शेरा: मंजूर.

२३ एप्रिल, बुधवार.

जेवण: सव्वादोन. कारण: कैरीची साल काढताना कोयीपर्यंत गेलो, दुसरी कैरी आणावी लागली. मंजूर.

२८ एप्रिल, सोमवार.

डब्यातला लसूण संपला. नवा सोलायला घेतला. पाच पाकळ्यांना वीस मिनिटं. बोटांचा वास जाईना, हजेरीला आलेल्या प्रत्येकाने विचारलं, भाऊ, काय खाल्लंत? लसणाशिवायही आमटी होते. केली. ती मांजराने खाल्ली नाही.

४ मे, रविवार.

कांदा भाजून खाल्ला. सालीसकट भाजावा, म्हणजे सोलायचा प्रश्न नाही. वरची साल जळते, ती काढली. खालची चिवट होती, ती काढली. तिच्याखालची काळी होती, तीही काढली. उरलं ते एका घासाचं. फार जेवू नये, उन्हाळा आहे.

पाटी पुन्हा "काच. जपून." यावेळी रंग देणार नाही.

१७ मे, शनिवार.

इंदुरीहून तिच्या भावाचं कार्ड. मजकूर: आईला ताईच्या हातचं दोन घास जातात, चेहऱ्यावर हात फिरवून ओळखते. ताईचं इथे चांगलं चाललं आहे. तुमच्याकडे तिच्यावाचून काही अडत नाही, असं ती सांगते, म्हणून मृग लागल्यावर पोचवतो. कळावे.

म्हणजे आणखी तीन आठवडे.

काही अडत नाही, असं मी कधी म्हणालो? मागची पानं चाळली. ६ एप्रिल. "जमलं तर तुमीच सांगा मला, माज्यावाचून हितं काय अडतंय त्ये." पुन्हा वाचलं. मग सावकाश गणित मांडलं, यावेळी आकडा न विसरता. मी हरलो तर ती जाणार. आणि जिंकलो असतो तर? तर सोलणं, निवडणं, रांधणं हे काहीच काम नाही, हे मी साऱ्या गावासमोर सिद्ध केलेलं असतं. मग तिच्यावाचून काय अडतंय, याला माझ्याच तोंडून उत्तर, काही नाही. म्हणजे तरीही ती जाणार.

दोन्ही सिग्नल एकाच लाइनला पाडलेले होते. आणि मी नऊ वर्षं रेल्वेत आहे.

उत्तराचं कार्ड लिहायला घेतलं. "इकडे सर्व ठीक. काही अडत नाही." दुसरं वाक्य खोडलं. मग पहिलं खोडलं. कार्ड वाया गेलं.

१८ मे, रविवार.

परवापासून वाल खावेसे वाटत होते. का, ते माहीत नाही. शुक्रवारी रात्री वाटीभर भिजवले होते. काल जुन्या लुगड्यात बांधून सावलीत ठेवले. मोड बेताचे आले.

सकाळी दहा वाजता अंगणात बसलो. घड्याळ घरातच ठेवलं. दाणा दोन बोटांत धरायचा, दाबायचा नाही, नुसता टेकवायचा, मग तो आपणहून बाहेर येतो. हे कुणी सांगितलं नाही. एकदा फार दिवसांपूर्वी चुलीपाशी तिला सोलत बसलेलं पाहिलं होतं, तेव्हा लक्ष नव्हतं.

झुंबरबाई कुंपणापाशी आली. म्हणाली, "काय रं रखमाजी, कामात हायस जनू?"

मी म्हणालो, काम कसलं. बसलोय.

"बस की मग," म्हणाली, आणि गेली. थोड्या वेळाने कुंपणावर खोबरेलाची वाटी ठेवलेली दिसली. यावेळी घ्यायला ती जाईपर्यंत थांबलो नाही, कारण ती आधीच गेली होती.

जेवण: २ तास ४० मिनिटं लेट. कारण: वाल सोलत होतो. शेरा:

शेरा मारायला घरात कुणी नाही.